नदीचा कान

पिशवीतून आईची शाल निघाली, चष्म्याची डबी निघाली, दोन दात तुटलेला कंगवा निघाला, आणि तळाशी ते पिवळं बाड निघालं. ताई शिडीवर उभी होती, अर्धी माळ्यात, आणि आतूनच विचारत होती, "काय काय आहे रे? शाल धड असली तर धुऊन कुणाला तरी देऊन टाकू." मी स्टुलावर बसलो आणि बाड मांडीवर घेतलं. पिवळा जाड कागद, वरचा उजवा कोपरा फाटलेला. आत झेरॉक्सची तेरा पानं, चौदावं पान मात्र पेनने काढलेलं, पाठकोऱ्या कागदावर. उलटून पाहिलं तर मागे कुठल्याशा सायकलच्या दुकानाची जाहिरात. सायकल एकटीच उभी, वर कोणी बसलेलं नाही. आणि सातव्या पानावर ती पोरगी, झिपरी, गुडघाभर पाण्यात पाय रोवून दोन्ही हातांनी नदीचा कान पिळणारी. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पिवळं कव्हर, फाटका कोपरा, सायकल, कान. दीड वर्षापूर्वी मी हेच छातीठोकपणे सगळ्यांना सांगितलं होतं, फक्त मी सात-आठ वर्षांचा असताना वाचलेल्या एका जुन्या मासिकाबद्दल म्हणून सांगितलं होतं. तसलं मासिक कधी नव्हतंच. जे होतं ते हे बाड होतं, आणि हे मी चार वर्षांपूर्वी वाचलं होतं, आई दवाखान्यात असताना. सातव्या पानाच्या मागे पेन्सिलीने माझं स्वतःचं अक्षर होतं. ते मी वाचलं आणि पुन्हा वाचायची हिंमत झाली नाही.

माझ्या स्मरणशक्तीवर हे दुकान चालतं असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आणि मीही मान खाली घालून, नको नको करत, ते ऐकून घेत आलो. दुकान चित्रकथांचं. मूळ भावोजींचं, ते गेल्यावर ताई पुढे बसायला लागली आणि मी फळ्यांमधून हिंडायला लागलो, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. आमच्याकडे प्रत्येक नव्या पुस्तकाखाली फळीला मी हाताने लिहिलेली चिठ्ठी लागते. दोन ओळी, फार तर तीन. माणसं पुस्तक नंतर उचलतात, आधी चिठ्ठी वाचतात. काही काही तर चिठ्ठ्याच वाचून, हसून निघून जातात, आणि ताई त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे डोळे वटारते. "अनाथ पोरगा, दाढीवाला गुरू, हरवलेली तलवार. तलवार सापडते, वाचक हरवतो." ही माझी. "यातला ड्रॅगन इतका ओळखीचा आहे की शेपूट हलवत अंगावर येतो." हीपण माझी. "नकाशा सुरेख आहे. पहिलं पान फाडून घेता आलं तर बघा." कल्पनेला कुंपण नसतं म्हणतात, मग एवढ्या सगळ्यांची गुरं एकाच कुरणात कशी चरतात, हा माझा कायमचा प्रश्न. जादूची शाळा, शापित राज्य, भविष्यवाणी, पुन्हा भविष्यवाणी. तरुण पोरं लांबून येतात, म्हणतात, काका, काहीतरी वेगळं सांगा, कोणी म्हणजे कोणी न केलेलं. आणि मी सांगायचो. हे याच्यावरून उचललंय, ते त्याच्या पोटातून निघालंय, हे मात्र घे, याला बाप नाही. बाप नाही ही माझी सगळ्यात मोठी शाबासकी होती. अशी चिठ्ठी वर्षातून एखाद्याच्या वाट्याला यायची.

दाराशी एक पुठ्ठ्याचं खोकं असतं, त्यावर भावोजींच्या हातचं लिहिलेलं आहे, "वाचून सांगा". ज्यांना स्वतः काही काढायचंय, लिहायचंय, त्यांनी आपली पानं त्यात टाकायची. नाव घालायचं नाही हा नियम माझा. नाव बघून वाचलं की वाचन नासतं, असं माझं म्हणणं, आणि ते मी इतक्यांदा म्हटलंय की ते खरं आहे का हे तपासायचं राहूनच गेलं. जेवायच्या सुट्टीत मी एकेक बाड काढायचो, मागच्या बाजूला पेन्सिलीने दोन शब्द लिहायचो आणि परत खोक्यात टाकायचो. ज्याचं त्याने येऊन शोधून न्यायचं. अशी किती बाडं वाचली असतील, हजार, दीड हजार? कोणाचं काय ते डोक्यात वेगळं राहत नाही. गोष्ट राहते, चित्र राहतं, आणि कुठे पाहिलं ते गळून जातं. पण हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. माझं तर नाव होतं की काकांना सगळं आठवतं, कुठलं पान, कुठली चौकट, कितव्या अंकात. नाव झालं की माणूस त्या नावाला जागायला लागतो. मला कोणी विचारलं आणि "आठवत नाही" म्हणालो, असं सव्वीस वर्षांत एकदाही झालेलं नाही. लाज वाटते आता, पण खरं आहे.

दीड वर्षापूर्वी तिचं पुस्तक आलं. बारीक चणीची, तिशीतली बाई, बोटांना सदा पांढरं प्लास्टर लागलेलं. दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या करते, म्हणून आमच्याकडच्या पोरांनी तिचं नाव दातवाली ठेवलं होतं, आणि तिला ते माहीत होतं आणि चालतही होतं. तिने स्वतः छापून, स्वतः शिवून पुस्तकं आणली होती, पहिला भाग. दुसरा भाग एक छोटी प्रकाशनसंस्था करणार होती, मग पहिलाही त्यांच्याचकडून पुन्हा निघणार होता. गोष्ट अशी: एका गावाच्या नदीला झोप येते. झोपली की वाहायची थांबते, आणि थांबली की तिच्यातलं सगळं मरतं. म्हणून एका घराकडे पिढ्यान्‌पिढ्या काम असतं, नदीला जागं ठेवायचं. आजोबा तिला कोडी घालायचे, बाप तिच्याशी भांडायचा, आणि या पोरीला ना कोडी येतात ना भांडण, म्हणून ती सरळ नदीचा कान पकडते. पहिला भाग तिथे संपतो. मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि कान आला तशी माझ्या अंगावर शिरशिरी आली, कारण हे मी पाहिलेलं होतं. अंदाज नाही, संशय नाही, पाहिलेलं होतं. आई शेजारी होती. खोलीत औषधाचा वास होता. कोणीतरी आडवं होतं आणि कोणीतरी मोठ्याने वाचत होतं, आणि कान पिळल्यावर आम्ही दोघं हसलो होतो. मला लहानपणी काविळीने दीड महिना झोपवलं होतं आणि आई मला मासिकं वाचून दाखवायची; तेव्हाचं हे, दुसरं कधीचं असणार? मी डोळे मिटले तर पिवळं कव्हर दिसलं, फाटका कोपरा दिसला, मागची सायकल दिसली. एवढं लख्ख दिसलं की शोधायची गरजच वाटली नाही. चिठ्ठी लिहिली: "नदीचा हा कान मी सातव्या-आठव्या वर्षी पाहिलेला आहे, एका जुन्या मासिकात. चित्रं सुबक. गोष्ट उसनी." आणि लावून टाकली. लावताना वाईट वाटलं होतं, असं आता म्हणणं सोयीचं आहे. पण बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांपूर्वीचं एवढंसं चित्र मला आठवलं, याचंच बरं वाटलं होतं.

चिठ्ठीचा कोणीतरी फोटो काढला. मग तो हिंडला. ज्यांनी पुस्तक उघडूनही बघितलं नव्हतं त्यांनी तिला चोर म्हटलं, आणि ज्यांनी बघितलं होतं ते म्हणाले, तरी म्हटलं, एवढं चांगलं कसं. आठवड्याभराने ती आली. दुपार होती, दुकानात ती आणि मीच. ताई वर जेवायला गेली होती. तिने भांडण काढलं असतं तर मी तयार होतो, भांडायला मला आवडतं. ती म्हणाली, "काका, ते मासिक बघायला मिळेल का हो?"

"आता कुठे मिळणार? पण माझ्या डोळ्यांसमोर आहे." आणि मी कव्हर सांगितलं, कोपरा सांगितला, सायकल सांगितली. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती, डॉक्टर आजार सांगतो तेव्हा माणूस हलवतो तशी.

"पुढे काय होतं त्यात?" तिने विचारलं. "मुलगी झोपते का?"

"झोपते," मी म्हणालो. "कान धरून उभी असतानाच तिला डुलकी लागते. आणि मग नदी तिला जागं करते."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा मला वाटलं, सापडली. आज कळतं की तो शेवट तिच्या दुसऱ्या भागातला होता, न छापलेला, या बाडाच्या शेवटच्या पानाखेरीज कुठेही नसलेला, आणि मी तो तिच्या तोंडावर घडाघडा बोलून दाखवला होता. "मी कधी वाचलं असेल हे?" ती स्वतःशीच म्हणाली. "मला तर वाटलं होतं, मला सुचलं." मी म्हणालो, "असं होतं. माणूस वाचतो आणि विसरतो, आणि मग त्याला सुचतं. तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही." काय मोठेपणा माझा! तिने फळीवरच्या सगळ्या प्रती उतरवल्या, पिशवीत भरल्या, आणि जाताना मला थँक यू म्हणाली. पुढे कानावर आलं की प्रकाशनसंस्थेला तिनेच नाही कळवलं. त्यांनी सोडलं नव्हतं. तिने सोडलं.

"अरे, झोपलास की काय?" ताई शिडीवरून उतरली होती आणि पदराला हात पुसत माझ्यासमोर उभी होती. मी बाड तिच्यापुढे धरलं. तिने आधी मी काय दाखवतोय ते पाहिलं नाही, माझं तोंड पाहिलं, आणि खाली बसली. ताईला कॉमिकमधलं ओ की ठो कळत नाही, पण माझ्या चेहऱ्यातलं सगळं कळतं. मी तिला सांगितलं. आईचे शेवटचे अकरा दिवस मी दवाखान्यात होतो, आणि जाताना खोक्यातलं वरचं बाड उचलून नेलं होतं, हे. आईला तेव्हा दिवसांचा आणि वर्षांचा काही ताळमेळ राहिला नव्हता. मला ती सात वर्षांचा समजायची, कपाळावर हात ठेवून ताप बघायची, उठू नकोस, कावीळ उलटेल, म्हणायची. पलंगावर ती आडवी, स्टुलावर मी, आणि मी तिला मोठ्याने वाचून दाखवत होतो. कान पिळल्यावर ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि नंतर हसली नाही. मग मी त्या पानाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं. तिसऱ्या दिवशी ती गेली आणि दवाखान्यातल्या बाईंनी उशापायथ्याचं सगळं एका पिशवीत कोंबून हातात दिलं, आणि ती पिशवी न उघडताच माळ्यावर गेली. पुढे काय झालं असेल? मला ते दिवस आठवायचेच नव्हते. म्हणून डोक्याने आईला उचलून स्टुलावर बसवलं, मला पलंगावर झोपवलं, आणि सगळं पन्नास वर्षं मागे नेऊन ठेवलं. तिथे ते सोसण्यासारखं होतं. एवढंच. माझ्या सोसण्यासाठी मी एका बाईची गोष्ट तिच्याकडून काढून घेतली.

ताईने बाड उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाली, "एक मुलगी आली होती रे तेव्हा. आई जाऊन महिना झाला असेल. खोक्यात टाकलेलं सापडत नाही म्हणाली. मी म्हटलं, घरात ही गडबड, सगळं रद्दीत गेलं, कोणी वाचलेलं नाही."

"तीच."

"मला काय माहीत?" ताईचा आवाज चढला, मग खाली आला. "आता दीड वर्ष झालं. ती विसरलीही असेल. तू जाशील, खपली काढशील. आणि उद्या सगळीकडे होईल की काकांनाच आठवत नाही. मग लोक कशाला येतील इथे?" हे तिने वाईट मनाने म्हटलं नाही. मला वाचवायचं म्हणून म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, बाड परत शालीत गुंडाळावं, पिशवी माळ्यावर टाकावी आणि शिडी काढून घ्यावी, हे माझ्याही मनात येऊन गेलं. कोणाला कळणार होतं? मी पान उलटून माझं अक्षर पुन्हा वाचलं. मग चपला घातल्या. ताई म्हणाली, "जेवून तरी जा." मी थांबलो नाही.

रस्त्याने जाताना मी वाक्यं जुळवत होतो आणि एकही उभं राहत नव्हतं. मी चुकलो, हे दोन शब्द म्हणायला एवढं चालावं लागतं का? बँकेवरून वळलो, चष्म्याच्या दुकानावरून गेलो, काचेत स्वतःला पाहिलं, बगलेत पिवळं बाड धरलेला एक पोक आलेला म्हातारा. चीडही येत होती. तिची येत होती! मी म्हटलं आणि तिने ऐकलं कसं? स्वतःच्या पोरीला कोणी दुसऱ्याची म्हणालं तर आई त्याच्या झिंज्या उपटेल की नाही? हिने थँक यू म्हटलं. पण हे चिडणंही सोयीचंच होतं, आणि दोन चौक पुढे जाईपर्यंत ते गळून पडलं. मग एकच राहिलं, की बाड तिच्या हातात द्यायचं, मागचं अक्षर दाखवायचं, आणि तिची गोष्ट तिला परत करायची. नवी चिठ्ठी लिहायची. दारावर लावायची, मोठ्या अक्षरात, की याला बाप नाही, आणि मी मूर्ख आहे. दुसरा भाग अजून होऊ शकतो. तिशीतली तर आहे. एवढ्याने मला जरा बरं वाटायला लागलं आणि पाय भराभर पडायला लागले.

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती, एकच लांबट खोली. भिंतीला लागून टेबलं, टेबलांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर डॉक्टरचं नाव आणि रुग्णाचा नंबर. स्पिरिटचा दिवा, तापलेल्या मेणाचा वास. ती खिडकीशी बसून एका कवळीला दात लावत होती, आणि हातातल्या रंगांच्या पट्टीशी एकेक दात ताडून बघत होती. मला पाहून उठली. "काका! या ना. बसा." स्टूल पुसून दिलं. तिच्या बोलण्यात कडवटपणाचा लवलेश नव्हता आणि त्यानेच मी निम्मा खचलो. "बघा माझं काम," ती हसत म्हणाली, "जेवढी नक्कल हुबेहूब, तेवढी शाबासकी. इथे कोणी विचारत नाही की हा दात तुम्हाला सुचला का."

मी बाड टेबलावर ठेवलं. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. "ते मासिक नव्हतं," मी म्हणालो. "कधीच नव्हतं. हे होतं. तुमचंच. तुम्ही खोक्यात टाकलेलं. मी वाचलं होतं, आईला वाचून दाखवलं होतं, आणि विसरलो. मग लहानपणचं समजून बसलो. माझं चुकलं. फार मोठं चुकलं माझं."

तिने हात पुसले. बाड ओढून घेतलं, कव्हरवरून तळवा फिरवला, कोपऱ्याशी थांबली. पानं उलटत गेली. सातव्या पानाशी आली तेव्हा तिचं बोट त्या कानावर टेकलं. बास, मला वाटलं, ओळखलं तिने. मी घाईघाईने पान उलटून मागचं दाखवलं. तिने मोठ्याने वाचलं. "'आई आज हसली. हे कुठूनही आलेलं नाही. पुढची पानं लवकर आणा.'"

"माझं अक्षर आहे," मी म्हणालो. "चार वर्षांपूर्वीचं."

"हो, तुमचंच आहे." तिने पान पुन्हा सुलटं केलं. मग फार हळू, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाली, "काका, तुमच्या आई जायच्या वेळचं आहे ना हे? तेव्हा माणूस काहीही लिहून जातो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण ते मासिक होतं."

"नव्हतं हो!"

"होतं. मला आठवलंय ना आता. तुम्ही सांगितलंत तेव्हा नव्हतं आठवत. रात्रंदिवस डोकं खाजवत होते, मी कुठे वाचलं, कुठे वाचलं. आणि मग एक दिवस इथेच काम करताना आलं डोळ्यांसमोर. मामाच्या खोलीत, पलंगाखाली. पिवळं होतं. कोपरा मीच फाडलेला, म्हणून मार खाल्ला होता."

"सायकल?" मी विचारलं.

"मागच्या पानावर. दोन मुलं डबलसीट बसलेली, मागच्याच्या हातात फुगा."

मी चौदावं पान उलटून तिच्यासमोर धरलं. एकटी सायकल, वर कोणी नाही. तिने पाहिलं आणि मान हलवली. "ही वेगळी," ती म्हणाली. "हा मला घरात सापडलेला पाठकोरा कागद. ती रंगीत होती."

मी बोलत राहिलो. काय काय बोललो देव जाणे. की मामाला विचारा. मामा वारला म्हणाली. की फाटका कोपरा या बाडाचा आहे, पिवळा रंग या कागदाचा आहे, हे सगळं मी तुमच्या डोक्यात घातलं, माझ्या तोंडाने घातलं. ती ऐकत होती, एकदाही मला तोडलं नाही, आणि मी जितका तळमळून बोलत होतो तितकी तिला माझी कीव येत होती, ते दिसत होतं. माझ्यासारखंच तिलाही ते लख्ख दिसत होतं. पलंगाखालचा काळोख, मामाचा हात, फुगा. जे एवढं लख्ख दिसतं ते खोटं कसं असेल? मी हाच न्याय लावला होता. शेवटी ती म्हणाली, "खरं सांगू का, तुमचे उपकारच आहेत. सुरुवातीला फार वाईट गेले दिवस. काही काढायला बसले की वाटायचं, हे कोणाचं? ही रेघ कोणाची? हात उचलेना. मग म्हटलं, जाऊ दे ना, आपल्याला सुचतच नाही मुळी, आपण वाचणाऱ्यांतले. तेव्हापासून झोप लागते."

तिने बाड नीट जुळवलं, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि माझ्या हातात परत दिलं. "हे तुम्ही ठेवा. यात तुमच्या आईची आठवण आहे." मी ते घेतलं. न घेऊन काय करणार होतो? टेबलावर जागा नव्हती, सगळीकडे जबडे. ती पुन्हा बसली, चिमट्याने एक दात उचलला, उजेडात धरला, पट्टीशी ताडला, नाही जमला, दुसरा उचलला. मला उठवत नव्हतं.

"बरं, आलाच आहात तर सांगा की," ती मान वर न करता, अगदी सहज म्हणाली. "किती दिवसांत चांगलं काही वाचलं नाही. पोरं म्हणतात, काकांना विचारा. काहीतरी वेगळं द्या, कोणी म्हणजे कोणी न केलेलं."

"एक आहे," मी म्हणालो. "एका गावाच्या नदीला झोप येते. आणि एक मुलगी असते, तिला जागं ठेवणारी."

तिने दात मेणात बसवला आणि अंगठ्याने दाबला.

"ते वाचलंय मी," ती म्हणाली. "लहानपणी."